ड्रॉप कधी येणार?

शुक्रवार पूर्वी संतोषीमातेचा होता. मग तो सिनेमावाल्यांनी घेतला आणि १० जुलै २०१५ पासून गाणीवालेही त्यात शिरले. त्याआधी इंग्लंडात नवी गाणी सोमवारी निघत, अमेरिकेत मंगळवारी. मग रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं ठरवलं की जगभर एकच वार धरायचा, म्हणजे एका देशात निघालेलं गाणं दुसऱ्या देशात आधीच चोरून ऐकलं जायला नको. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन, कानावर हेडफोन चढवून बसतो आणि आठवड्याचा नवा माल तपासतो. आईच्या मते हे काम नव्हे. माझ्या मते हे कामच आहे, फक्त त्याचे पैसे कोणी देत नाही.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, दिवसा एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो आणि रात्री इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. स्वतःच करतो, स्वतःच मिक्स करतो, स्वतःच प्रसिद्ध करतो आणि बऱ्याचदा स्वतःच ऐकतो. आजवर कुठल्याही रेकॉर्ड कंपनीनं माझ्या कलेत ढवळाढवळ केलेली नाही. केली तर मी अजिबात खपवून घेणार नाही, असं मी मित्रांना वारंवार सांगत असतो. कंपन्यांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

आमच्या जमातीची एक रीत आहे. लोकप्रिय गाणं कानावर पडलं की आधी नाक मुरडायचं. मग शेजारच्याला हळूच विचारायचं, "हा किक कुठनं उचलला असेल रे?" आणि रात्री खोलीचं दार लावून तसाच्या तसा करून बघायचा. मी हे तिन्ही विधी नेमानं करतो, तेव्हा नव्या गाण्यांवर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

माझी मुख्य तक्रार घाईची. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' असं धरतात. त्याआधी श्रोत्याचं बोट पुढं सरकलं की हिशेबात शून्य. त्यामुळे गाणाऱ्यांनी धास्ती घेतली आहे. जुन्या सिनेमात आधी व्हायोलिनं यायची, मग बासरी यायची, मग नायिका झाडामागून डोकावायची आणि एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी तोंड उघडायचं. तोवर प्रेक्षक खुर्चीत नीट रेलून बसलेला असे. आता गायक जोडेही न काढता थेट देवघरात. पहिल्या सेकंदाला मुखडा, पंधराव्या सेकंदाला पुन्हा मुखडा, आणि दोन मिनिटं व्हायच्या आत गाणं संपून गेलेलं. संपल्याचं कळतही नाही, कारण पुढचं तसंच सुरू होतं.

याउलट माझ्या ताज्या ट्रॅकमध्ये पहिली दीड मिनिटं पत्र्यावर पडणारा पाऊस आहे. वेल्ह्याकडे एका गोठ्याच्या पत्र्याखाली उभं राहून मी तो रेकॉर्ड केला, गोठ्याच्या मालकाची परवानगी घेऊन. म्हशीचीही हरकत नव्हती. त्या पावसातून हळूहळू एक खर्जातला सूर उगवतो. तो उगवेपर्यंत शहाणा श्रोता दोन गाणी ऐकून तिसऱ्यावर गेलेला असतो. पूर्ण ट्रॅक शेवटपर्यंत ऐकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे माझी आजी. तिला फोनवर गाणं बदलता येत नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पाऊस फार छान वाजवलास हो." संगीतावरची माझ्या वाट्याला आलेली सर्वांत सविस्तर समीक्षा हीच.

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नवा नियम आला. मागच्या बारा महिन्यांत गाणं हजार वेळा वाजलं नाही, तर त्याचा एक छदामही मिळत नाही. हजारच्या पुढे गेलं तरी जे मिळतं त्यात पोहे येतील, चहा आपला आपण घ्यायचा. पण मानाचा प्रश्न आहे. त्यामुळे सध्या मी मावशी, आत्या, ऑफिसातले सहकारी, सोसायटीचे वॉचमन काका अशा सर्वांना विनंती करत असतो, की रात्री झोपताना माझा ट्रॅक लावून ठेवा, आवाज बारीक ठेवलात तरी चालेल. वॉचमन काकांनी लावला आणि ते ड्यूटीवर झोपले. तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याशी नीट बोलत नाहीत.

अर्थात घाई ही काही मोबाइलची देणगी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या, तेव्हा मैफलीचा सगळा पसारा त्यांनी तीनेक मिनिटांत बसवला. तबकडीवर त्याहून जास्त मावतच नव्हतं. पुढे आपलं अख्खं भावगीत त्या साडेतीन मिनिटांच्या चौकटीत वाढलं आणि तिथंच त्याचं घर झालं. गाण्याची लांबी कायम विकणाऱ्यानं ठरवली आहे, गाणाऱ्यानं फक्त त्यात आपला जीव ओतला आहे. गौहर जान गाणं संपलं की इंग्रजीत स्वतःचं नाव खणखणीत सांगून टाकत. ध्वनिमुद्रण व्हायचं इथं आणि तबकड्या निघायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळायला नको का? आता विसर्जनाच्या मिरवणुकीत दर अर्ध्या मिनिटाला घोगऱ्या आवाजात 'डीजे अमुक तमुक इन द मिक्स' अशी आरोळी ऐकू येते आणि जाणकार मंडळी कपाळावर हात मारून घेतात. मला गौहर जान आठवतात. आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपू नये, ही काळजी त्यांनाही होती आणि या पोरांनाही आहे. बाई एकदाच सांगायच्या, एवढंच.

आता जाणकारांचा विषय निघालाच आहे तर आमच्या काकूबद्दल सांगतो. काकू शास्त्रीय शिकलेली. डिसेंबरात सवाईला गादी-तक्क्यासकट जाते आणि घरी आल्यावर पुढचे आठ दिवस कोणाशी धड बोलत नाही, सूर मोडतो म्हणून. माझं संगीत तिनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, "अरे, यंत्र ते यंत्र. त्यात आत्मा कुठनं यायचा?" हे ती म्हणत होती तेव्हा तिच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी चारमध्ये एकसारखा झंकारत होता. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी तो प्रकार बनवला आणि आज गाणं शिकणाऱ्या घरात तो नाही असं घर शोधावं लागेल. तबल्याचंही यंत्र काकूकडे आहे. ते कधी लय सोडत नाही, त्यामुळे ते तिला थोडं कमी आवडतं. यंत्रात आत्मा नसतो हे मी मान्य करतो, पण त्या खोलीत सर्वांत सुरात कोण होतं, याबद्दल घरात बोलायची सोय नाही.

आणि मुळात इलेक्ट्रॉनिक संगीत पुण्या-मुंबईच्या पोरांनी परवा परदेशातून आणलं, ही समजूत कोणी पसरवली? १९५४ चा 'नागिन' घ्या. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी ही पुंगी नव्हे. क्लॅव्हिओलिन नावाचं, विजेवर चालणारं, छोट्या पेटीसारखं वाद्य होतं. त्यातून तो आवाज कल्याणजींनी काढला. कल्याणजी-आनंदजी ही जोडी नावारूपाला यायच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे गेली सत्तर वर्षं प्रत्येक वरातीत दातात रुमाल धरून रस्त्यावर आडवे होणारे आमचे समस्त आत्येभाऊ, मावसभाऊ, साडू आणि बँकेतले कॅशियर हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे निष्ठावंत श्रोते आहेत. बर्लिनच्या क्लबात लोक संगीतासाठी रात्रभर जागतात म्हणून कौतुक होतं. आमच्याकडे संगीतासाठी माणसं भर डांबरावर सरपटली आहेत, नव्या सफारीसकट, आणि त्याची कुठं नोंद नाही.

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरचा आख्खा स्टुडिओ बसवला होता. अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर आले होते तो लावून द्यायला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई अशा मंडळींनी तिथं जे केलं, त्याच्या टेपा संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. मी हे उदाहरण घरी नेहमी देतो. पन्नास वर्षांनी माझ्याही टेपा निघतील म्हणतो. वडील म्हणतात, तोवर लाइट बिल कोण भरणार?

पण माझा खरा देव चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रातले वादक. मोठ्या संगीतकारांकडे दिवसा रेकॉर्डिंगला वाजवायचं आणि बाकीच्या वेळी लग्नकार्यात. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ती एकमेकांना जोडून डिस्कोच्या ठेक्यावर भैरव, मेघमल्हार असे दहा राग वाजवले आणि १९८२ मध्ये एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शास्त्रीयवाल्यांना त्यात डिस्को दिसला, डिस्कोवाल्यांना त्यात राग दिसला. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटानं त्याच ३०३ चे कान पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढला, त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा पंथ निघाला आणि जगभर तरुण पोरं नाचू लागली. २०१० मध्ये एका डच माणसानं चरणजितजींची तबकडी पुन्हा काढली तेव्हा युरोपातल्या जाणकारांची बोबडी वळली: हे आधी कसं? त्यांना वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. मग सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींनी युरोपात जाऊन पोरांपुढं तेच राग पुन्हा वाजवले. २०१५ मध्ये ते गेले.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. चरणजितजींना आपण क्रांती करतोय असं वाटत नव्हतं. ते कामाचे वादक होते, बाजारात नवं यंत्र आलं, त्यातून काय निघतं ते बघितलं. क्रांती करायला बसलेली माणसं मी पुण्यात पुष्कळ पाहिली आहेत. कर्वे रस्त्यावरच्या कॅफेत ती लॅपटॉप उघडून बसतात आणि दोन तासांत एक कोल्ड कॉफी होते. क्रांतीचं पुढं काही कळत नाही.

त्या यंत्रांचीही कुंडली मजेची आहे. ३०३ बनवलं ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. बेस गिटारसारखं ते बिलकुल वाजेना. १९८४ पर्यंत कारखाना थांबला, जुन्या बाजारात ते कवडीमोलानं मिळू लागलं, म्हणून तर शिकागोच्या पोरांना परवडलं. ८०८ ची तऱ्हा याहून वरची. त्यातल्या झांजेचा चरचरता आवाज ज्या ट्रान्झिस्टरमधून यायचा, ते मुद्दाम निवडून घेतलेले सदोष नग होते. पुढे ट्रान्झिस्टर चांगले व्हायला लागले, वाईट माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये यंत्र बंद करावं लागलं. सुमारे १२ हजार नग निघाले असतील. गुणवत्ता सुधारल्यामुळे बुडालेलं दुसरं उत्पादन मला तरी ठाऊक नाही. आणि आज शुक्रवारी जे काही निघतं, पंजाबी असो, कोरियन असो, नाहीतर आमचं मराठी हळदीचं गाणं, त्यात खाली जो 'बूऽऽम' असा लांबत जाणारा दणका आहे तो त्याच ८०८ च्या किकचा नातू, नाहीतर पणतू.

तो दणका करायला सोपा आणि ऐकवायला महाकठीण. घरी करून बघा: एक साधा गोल सूर घ्यायचा, दीडशे हर्ट्झपासून पन्नासपर्यंत डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली घसरवायचा आणि मग तिथंच रेंगाळू द्यायचा. झाला किक. हेडफोनवर तो पोटात शिरतो. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र पन्नास हर्ट्झ येतच नाही, आकारच नाही त्याचा तेवढा. म्हणजे ज्या फोनवर महाराष्ट्र गाणी ऐकतो त्यात बेस नसतोच. मग चलाख निर्माते काय करतात, तर त्या सुराला जरासा फाडतात. फाटला की त्यातून वरचे सूर निघतात, ते फोनवर ऐकू येतात आणि कान खालचा मूळ सूर आपल्या पदरचा घालून पुरा करतो. लोक फोनवर ऐकून म्हणतात, "काय बेस आहे!" तो बेस त्यांच्याच डोक्यात आहे. नव्या लोकप्रिय गाण्यांतलं हे कसब मला मनापासून मान्य आहे आणि आमच्यातली बरीच नाक मुरडणारी मंडळी इथंच मार खातात. त्यांचा बेस अतिशय शुद्ध असतो आणि तो कोणालाही ऐकू येत नाही.

जळगावकडून आलेल्या संजू राठोडचं २०२४ चं 'गुलाबी साडी' ऐकलं तेव्हा मी नाक मुरडायच्या तयारीत होतो. ना सिनेमा, ना बडा संगीतकार, संगीत जी-स्पार्कचं. पहिल्यांदा ऐकलं आणि नाक जागच्या जागी राहिलं. त्यात वाद्यांची गर्दी नाही, आवाजाभोवती मोकळी जागा सोडलेली आहे आणि ठेका असा की पाय हलल्याचं मेंदूला उशिरा कळतं. मोकळी जागा सोडायला धीर लागतो. आम्हा मंडळींना शंभर ट्रॅक उघडता येतात म्हणून आम्ही शंभर उघडतो. तेच गाणं पुढं रीलवर इतकं वाजलं की सोसायटीच्या हळदीकुंकवात चार ताया एकाच वेळी गुलाबी साड्या नेसून आल्या आणि नंतर आठवडाभर त्यांचं आपसात जमत नव्हतं. त्यात संगीताचा दोष नाही.

गळ्यावरच्या यंत्राबद्दलही बोललं पाहिजे. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून निघालेला रॅपर एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला तेव्हा माझे एक शिक्षक कळवळून म्हणाले, "त्याचा आवाज असा रोबोसारखा का येतो रे? सर्दी झालीय का?" मी त्यांना ऑटोट्यूनची जन्मकथा सांगितली. अँडी हिल्डेब्रँड हे गृहस्थ आधी तेलाच्या शोधावर काम करायचे. जमिनीला हादरा द्यायचा, आतून परत येणाऱ्या लहरी टिपायच्या आणि गणितानं ताडायचं, खाली तेल आहे की नुसताच खडक. ते गणित घेऊन ते १९९७ मध्ये गायकांच्या गळ्याकडे वळले. गळ्यातही पुष्कळदा खडकच निघतो, पण हे यंत्र तिथंही सूर काढून देतं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलिव्ह'मध्ये त्याची सुई शेवटपर्यंत फिरवून तो यांत्रिक आवाज मुद्दाम काढला. निर्मात्यांनी आधी लोकांना दुसऱ्याच एका यंत्राचं नाव सांगून गुंगारा दिला. एवढं सगळं ऐकून सर म्हणाले, "म्हणजे सर्दी नाही ना? बरं झालं."

रिमिक्सबद्दल मी फारसं बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. २०२० मध्ये 'मसक्कली'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ए. आर. रहमान यांच्यासारखा मितभाषी माणूस जाहीरपणे म्हणाला, की मूळ गाण्यामागे दोनशेहून जास्त वादक होते आणि वर्षभराची डोकेफोड होती. माझ्या ट्रॅकमागे एक वादक आणि महावितरण आहे, तरी मला त्यांचं दुःख समजतं. आणि आता तर डोकेफोडीचीही गरज उरलेली नाही. डीझर या फ्रेंच कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांतली १८ टक्के पूर्णपणे एआयनं केलेली असतात. त्यांना दाद मिळत नाही तरी ती गाणी निराश होत नाहीत, हाच मला त्यांचा सर्वांत अमानवी गुण वाटतो.

माझ्या संगीताला लोक एकच प्रश्न विचारतात: "ड्रॉप कधी येणार?" ड्रॉप म्हणजे सगळं वाढत वाढत जाऊन एकदम थांबतं आणि मग धाडकन बेस कोसळतो, ती जागा. मी ड्रॉप देत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण ड्रॉप म्हणजे काय हे कळायला अनंत चतुर्दशीच्या रात्री टिळक रोडवर उभं राहावं. मी दरवर्षी जातो, कानात बोळे घालून. पोरं मला त्यामुळे 'काका' म्हणतात. ट्रकवर जनरेटर, त्यामागे अठरा इंची बेसच्या पेट्यांची भिंत, वर टॉप, सगळ्यांत वर एक किडकिडीत मुलगा लॅपटॉपवर वाकलेला. तो ठेका काढून घेतो. दोन सेकंद नुसता जनरेटर ऐकू येतो. हजारभर माणसं हात वर करून थबकलेली असतात. मग बेस कोसळतो आणि पहिल्यांदा कान नाही, शर्ट हलतो. रस्त्याकडेची बंद दुकानांची शटरं दर दुसऱ्या ठोक्याला खणखणतात, अगदी स्नेअर ड्रमच्या जागी. पुढच्या दुकानाचं शटर जरा पातळ पत्र्याचं, ते वरच्या सुरात वाजतं. ट्रक पुढं सरकतो तशी ती साथ बदलत जाते. असं काही मला स्टुडिओत जमलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं काय होत असेल हेही मनात येतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि त्या भिंतीपुढं ती मर्यादा बिचारी आवंढा गिळून उभी असते.

इंग्लंडात सरकारनं १९९४ मध्ये कायदाच केला होता. उघड्यावरच्या रात्रभराच्या नाचाला आळा घालायचा, तर कुठलं संगीत बंद करायचं? कायद्यात लिहिलं, की ज्यात एकापाठोपाठ एक सारखे पुनरावृत्त होणारे ठोके असतात ते. त्यावर ऑटेकर या जोडीनं अशी रचना काढली, की तिची कुठलीही दोन आवर्तनं एकसारखी नाहीत, आणि वर सल्ला दिला की वाजवताना सोबत वकील आणि संगीततज्ज्ञ ठेवा. हा कायदा महाराष्ट्रात आणला असता तर आधी लेझीम आत गेली असती, मग ढोल-ताशा पथकं, आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला जामीन मिळाला नसता.

असा माझा एकूण अभ्यास. त्याचं चीज व्हायचा योग मामेबहिणीच्या हळदीत आला. मामा म्हणाला, "तू ते म्युझिकचं करतोस ना? मग बाहेरचा डीजे कशाला? घरचंच होऊन जाईल." घरचंच म्हणजे फुकट, हे मला कळलं. मी एक अट घातली: माझा स्वतःचा एक ट्रॅक वाजवणार, पूर्ण नऊ मिनिटं. मामानं जरा विचार केला. "जेवताना लाव. तेव्हा तसंही कोणी ऐकत नाही."

ब्रायन ईनो या थोर इंग्रज संगीतकारानं १९७८ मध्ये विमानतळावर वाजवण्यासाठी एक आल्बम केला आणि त्याबरोबर एक तत्त्वही मांडलं: हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावं आणि त्याकडे खुशाल दुर्लक्षही करता यावं. विंडोज ९५ चालू होताना वाजायची ती सुरावटही त्याचीच, आणि ती त्यानं मॅकवर केली होती. ईनोला जे सुचायला विमानतळ लागला ते आमच्या मामाला वाईच्या मंगल कार्यालयात उभ्या उभ्या सुचलं. मी त्याला तसं सांगितलं. "बरं बरं," तो म्हणाला, "आधी ती वायर बाजूला घे, कोणी अडखळेल."

पहिली पंगत बसली. मी ट्रॅक लावला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तशी दोघातिघांनी खिडकीबाहेर बघितलं आणि एका आजीनं बाहेर वाळत घातलेल्या चादरींची चौकशी केली. मग खर्ज उगवला. आणि काय सांगू, मंडळी शांत झाली. कोणी बोलेना, कोणी ओरडून मठ्ठा मागेना. माणसं एकेक घास चावून खाऊ लागली. एका काकांनी चक्क डोळे मिटून जिलबी खाल्ली. काकू कोपऱ्यात बसली होती, तिची मान किंचित हलली असं मला वाटलं. नंतर कळलं, तिथं डास होते.

सहाव्या मिनिटाला केटरिंगवाले दादा घाम पुसत माझ्याकडे आले. "दादा, गाणं चांगलंय, पण पंगत उठंना. दोनशे माणूस बाहेर थांबलंय, भात गार व्हायला लागलाय. जरा फास्ट काहीतरी लावा की."

मी त्या शुक्रवारी निघालेलं, दोन मिनिटांचं, पहिल्या सेकंदाला मुखडा असलेलं एक गाणं लावलं. दुसऱ्या मुखड्याला ताटं रिकामी झाली आणि शेवटच्या मुखड्याला लोक हात धुवायच्या रांगेत नाचत होते. दादांनी लांबूनच अंगठा दाखवला आणि दुसऱ्या पंगतीसाठी तसलीच आणखी चार काढून ठेवायला सांगितली.